प्रकरण अकरावे: ज्याचा त्याचा होकार

पावलं

थोरल्या लेकीची आधी पावलं आली, मग थोरली आली, आणि तिच्या मागून तिचं बोलणं आलं. ते एकदा आत शिरलं की बाकी कशाला जागा उरत नसे.

"अण्णा, पाहुण्यांसाठी निदान धड खुर्च्या तरी ठेवा! हिला पाठ नाही. तिला हात नाहीत. आणि त्या कोपऱ्यातल्या सोफ्याचं तर पोट फाडून ठेवलंय तुम्ही."

"धड झालेली खुर्ची गिऱ्हाईक घेऊन जातं," अण्णा म्हणाले. "कारखान्यात अपुऱ्याच राहायच्या. माझ्या वडिलांच्या काळापासून असंच आहे."

"मग बैठक वर घरात घेऊ या."

"बैठक गुंडी जिथे खुशीत असते तिथे. केंद्रातल्या लोकांनी आणि सूनबाईनं मिळून ठरवलंय ते. तू मध्ये पडू नकोस."

थोरली मध्ये पडली नाही. फक्त तिनं कापसाचं पोतं उचलून दाराआड केलं, खिळ्यांचे डबे एकावर एक रचले आणि अण्णांची वाकडी सुई कुठेतरी 'नीट' ठेवून दिली. ती सुई आता दोन दिवस सापडणार नव्हती.

 अण्णा हात पुढे करून, एकेका चौकटीला चाचपत, खुर्च्या गोलात मांडत राहिले. मधली जागा नातीची, गुंडीची. तिची खुर्ची त्यांनीच बांधली होती. पाठ जराशी कललेली, दोन्ही बाजूंना फोमच्या उशा, पायाखाली लाकडी पाट. पोर आठ वर्षांची झाली तरी शब्द फुटला नव्हता, हातपाय ऐकत नव्हते. अगदी तान्ही असताना कापड मढवलेल्या सोफ्याच्या गुंड्या मुठीत दिल्या की रडं थांबायचं. म्हणून गुंडी.


दार

पूर्वी गुंडीसारख्या मुलांच्या त्या केंद्रात अशी पद्धत होती की तज्ज्ञ मंडळी आत बसायची आणि आईबाप बाहेर बाकावर. बऱ्याच वेळानं दार उघडायचं आणि निर्णय बाहेर यायचा. तो ऐकायचा, मान डोलवायची, पोर उचलायची, घरी यायचं. सूनबाईनं आणि तिच्यासारख्या काही आयांनी ते दार ठोठावलं. गंमत म्हणजे आतल्यांपैकी काहींना तरी ते दार बंद नकोच होतं, फक्त बाहेरून कुणी ठोठावलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक मुलाचं पुढचं पाऊल दोघांनी मिळून ठरवायचं, आणि तेही मुलासमोर, असं सुरू झालं.

पण मिळून ठरवायचं म्हणजे आपल्याच मनासारखं होतं असं नव्हे. गेल्या बैठकीत गुंडीची चाचणी पुढे आली होती. उत्तरं भरवशाची नाहीत, असं तिचं सार. आणि उत्तर भरवशाचं नसलेल्या मुलाला शिकण्याच्या वर्गात जागा नव्हती. ती जागा सांभाळवर्गात. तिथे मुलांना प्रेमानं भरवतात, पुसतात, गाणी ऐकवतात, आणि संध्याकाळी परत देतात.

"पण ती हो म्हणते!" सूनबाई कळवळून म्हणाली होती. "घरी रोज म्हणते."

"कसं म्हणते?" असं विचारल्यावर घरच्या तिघांनी एकाच वेळी करून दाखवलं. सूनबाईनं छताकडे पाहिलं. तिच्या नवऱ्यानं, धाकट्यानं, जिभेचं टोक बाहेर काढलं. थोरलीनं डोळे घट्ट मिटले. तिघंही मोठे, कर्ते, चारचौघांत नाव असलेले लोक, आणि तिघांचे चेहरे असे! मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्या दिवशी अण्णांना कुणी विचारलं नव्हतं, आणि अण्णांनीही सांगितलं नव्हतं.


स्प्रिंग

स्पीच थेरपिस्ट मॅडम नेमक्या त्याच खुर्चीवर बसल्या जिच्या स्प्रिंगा अजून बांधायच्या होत्या. कर्रर्र आवाज झाला, आणि मॅडम खाली गेल्या.

"राहू दे, राहू दे," खालून आवाज आला. "मस्त आहे. इथून गुंडी बरोबर समोर दिसते."

त्यांच्याबरोबर आलेला फिजिओ हसला. पोरगेलासा होता, पण हात पक्का. गुंडीचे पाय तो असे हाताळायचा की अण्णांना आपल्याच धंद्यातला माणूस वाटायचा.

"मी सरळ मुद्द्यावर येते," मॅडम म्हणाल्या. "शिकण्याचा नवा वर्ग लवकरच भरतोय. तिथल्या बाई नव्या आहेत. त्यांना एका नजरेत कळेल असा गुंडीचा एकच होकार हवाय. तो आज सगळ्यांनी मिळून निवडायचा. मग वर्ग भरेपर्यंत घरात, केंद्रात, सगळीकडे फक्त तोच. बाकीचे बंद. मग मी पुन्हा चाचणी घेईन, आणि या खेपेला घरचं माणूस शेजारी बसवून घेईन. आणखी एक सांगते. घोळ फक्त तुमच्या घरात नाहीये. मी तिला मुठीनं चित्राला हात लावायला शिकवलं. यांनी हात वर करायला शिकवलं. आम्ही एकाच मजल्यावर बसतो, आणि एकमेकांना विचारलं नाही."

"बघा!" थोरली म्हणाली. "शिकलेले लोकसुद्धा आपल्यासारखेच."

"ताई," सूनबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, कौतुकानं म्हणतेय!"

अण्णांना बरं वाटलं. माणूस स्वतःहून आपली शिवण उसवून दाखवतो, तेव्हा त्याच्याबरोबर काम करता येतं.


गलका

धाकटा: माझं म्हणणं, जीभ. सोपी आहे. लांबून दिसते.

थोरली: जीभ? भर वर्गात पोर बाईंना जीभ काढून दाखवणार? तूही असाच होतास लहानपणी, म्हणून बसला होतास शाळेत कोपऱ्यात!

धाकटा: मी होकार देत नव्हतो तेव्हा.

फिजिओ: मी माझा हात मागे घेतो. हात उचलायला गेली की सगळं अंगच ताठ होतं तिचं. एका 'हो'साठी एवढी मेहनत नको.

मॅडम: आणि माझं चित्र नेहमी समोर नसतं. मीही मागे.

थोरली: मग डोळे मिटणं. किती गोड मिटते! मी गाणं म्हणते ना रोज संध्याकाळी, तेव्हा विचारते, आवडलं का गं? की मिटलेच.

मॅडम: पापणी तर आपलीही मिटते हो, आपोआप. बाईंना कसं कळायचं कुठली खरी?

सूनबाई: वर बघणं. मला वाटतं, वर बघणं.

फिजिओ: मलाही. मान तशीच राहते, फक्त डोळे जातात. दमायला होत नाही.

धाकटा: बरं, माझी जीभ आत.

थोरली: झालं! बायकोनं म्हटलं की तुझं सगळंच आत.

धाकटा: अगं ताई, पोरीच्या शाळेचं चाललंय.

थोरली: मला कळतंय कशाचं चाललंय. अण्णा, तुम्ही बोला. अजून तुमचं कुणी ऐकलं नाही.


अण्णा

"डोळ्यांचं नको," अण्णा म्हणाले.



"का, अण्णा?" मॅडमनी विचारलं.

"नको म्हणजे नको. दुसरं काहीही ठरवा."

"तुम्हाला ती हो कसं सांगते?"

"सांगते."

"म्हणजे कसं?"

"सांगते म्हटलं ना."

सूनबाई गप्प झाली. तिचं गप्प होणं अण्णांना ऐकू आलं. ते हातोडी खाली ठेवल्यासारखं होतं. केंद्राचं नाव तिनं या घरात पहिल्यांदा काढलं तेव्हा थोरली म्हणाली होती, घरची पोर घरात वाढते, परक्यांच्या हातात कशाला? धाकटा तेव्हा खाली बघत बसला होता. आणि एकटे अण्णा म्हणाले होते, सूनबाई, तू जा, पोरीला घेऊन जा, इकडचं मी बघतो. त्या एका वाक्याच्या जोरावर तिनं एवढी मजल मारली होती, आणि तीही ते विसरलेली नव्हती. दर बैठकीहून आली की आधी कारखान्यात येऊन अण्णांना सगळं सांगायची, मग वर जाऊन चपला काढायची. आज तेच अण्णा समोरच्या बाजूला.

"मी म्हणतच होते," थोरली खुशीत म्हणाली. "अण्णा माझ्या बाजूनं आहेत."

अण्णा कुणाच्याच बाजूनं नव्हते. पण ते कसं सांगणार? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.


सगळं

आधी त्यांना वाटलं, चष्म्यावर डाग पडलाय. पुसला. डाग तसाच. मग वाटलं, बल्ब मंद आहे. बल्ब बदलला. मग एका सकाळी धाकटा समोर येऊन उभा राहिला, आणि त्याला खांदे होते, केस होते, कान होते, पण मध्ये चेहरा नव्हता. धुरकट, जणू कुणी ओल्या बोळ्यानं पुसून टाकलाय. अण्णा त्याला म्हणाले, दाढी वाढलीय तुझी. अंदाजानं. अंदाज बरोबर निघाला, आणि त्या एका बरोबर निघालेल्या अंदाजावर त्यांनी सगळ्या घराला आजवर चकवलं होतं. माणसं पावलांवरून ओळखायची. टाके बोटांनी मोजायचे. या धंद्यात तसंही अर्धं काम आतून, हात घालून, न बघताच करायचं असतं. कळलं असतं तर हातातली हातोडी काढून घेतली असती पोरांनी, प्रेमानं. आणि प्रेमानं काढून घेतलेली वस्तू परत मागताही येत नाही.

गुंडीचा चेहराही असाच गेला होता. सगळ्यात शेवटी गेला, असं त्यांना वाटायचं. कदाचित त्यांनीच तो जास्त दिवस धरून ठेवला असेल.

वर बघणं ठरलं, तर बाकी सगळ्यांना ती हो म्हणणार. त्यांनाही म्हणणार. आणि ते समोर बसून वाट बघत राहणार.


पाळी

"आपण करून तर बघू," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकानं गुंडीला एक साधा प्रश्न विचारायचा. तिनं वर बघून उत्तर द्यायचं. गुंडी, कळलं ना? आज फक्त डोळे."

सूनबाईनं विचारलं, "पाणी हवंय?" मग सगळे एका सुरात "हो!" म्हणाले. अण्णाही म्हणाले, जरासे मागून.

धाकट्यानं विचारलं, "बाबा हुशार आहे का?" थोडा वेळ गेला. मग हशा पिकला. "बघितलं! बघितलं वर!" धाकटा ओरडला. थोरली म्हणाली, "ती वैतागून वर बघत होती."

मग थोरलीची पाळी झाली, आणि मग मॅडम म्हणाल्या, "अण्णा?"

अण्णा खुर्ची सरकवून थोडे पुढे आले. गुडघ्यावर हिरव्या कापडाचा तुकडा होता, तो त्यांनी उचलला.

"गुंडे, हे कापड चढवू तुझ्या खुर्चीवर?"

ते थांबले. 

"चढवू का गं?"

"अण्णा," धाकटा म्हणाला, "म्हणाली की."

"नाही म्हणाली."

"अहो, एवढे डोळे वर नेलेत तिनं. केव्हाचे!"

"मला नाही सांगितलं," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

कुणी काही बोलण्याआधी पाटावर धप् असा आवाज झाला. एकदा. मग पुन्हा, जोरात. टाच.

"हां," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "आता सांगितलं. चढवतो हां."

फिजिओ उठून उभा राहिला होता. "ही टाच... मी किती दिवस हीच टाच खाली आणायचा प्रयत्न करतोय. ती मुद्दाम केली तिनं? अण्णा, कुणी शिकवलं तिला?"

मॅडमनी मात्र टाचेकडे पाहिलं नाही. त्या स्प्रिंगांच्या खड्ड्यातून धडपडत वर आल्या आणि अण्णांच्या समोर येऊन बसल्या.

"अण्णा, तुम्हाला तिचा चेहरा दिसतो का?"

विचारलं इतकं साधं, की खोटं बोलायला वावच राहिला नाही.

"चौकट दिसते," अण्णा म्हणाले. "मधलं कापड गेलंय."


वीज पडल्यावर

"म्हणजे?" थोरली म्हणाली. "म्हणजे माझाही नाही दिसत? आणि या डोळ्यांनी तुम्ही हातोडी चालवताय? खिळे तोंडात धरून? आणि मी परवा नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते, तर म्हणालात, छान!"

"छानच असणार," अण्णा म्हणाले. "तूच घेतलेली ना?"

थोरली हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

"कुणालाच माहीत नव्हतं?" मॅडमनी विचारलं.

"हिला होतं," अण्णा गुंडीच्या दिशेनं हात करून म्हणाले. "शिवताना हिचे पाय मी मांडीवर घेतो, गार पडतात म्हणून. एकदा काहीतरी विचारलं. उत्तर दिसेना. पुन्हा विचारलं. तर मांडीवर टाच रुतली. मला वाटलं, पाय आखडला. तिसऱ्यांदा विचारलं, पुन्हा टाच. मी काही शिकवलं नाही हो. हिनंच मला शिकवलं. म्हाताऱ्याला दिसत नाही हे हिला कळलं, आणि मला लागेल असा होकार हिनं शोधला. कुणाला बोललीही नाही."

ही शेवटची ओळ बोलून गेल्यावर त्यांना ती कशी वाटते ते कळलं, पण कुणी हसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "आईला डोळे. बाबांना जीभ. आत्याला पापण्या. आजोबांना टाच. आणि आम्हाला आमचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला तिनं कधी चुकून दिलं?"

"कधीच नाही," सूनबाई म्हणाली.

"सहा माणसांशी सहा भाषांत बोलणारी मुलगी. आणि मी म्हटलं, भरवशाचं नाही." मॅडम गुंडीकडे वळल्या. "गुंडी, माझं चुकलं. सांभाळवर्गाचं मी मागे घेते. पुढच्या बैठकीत मी तुझ्या बाजूला बसेन."

सूनबाईला रडू येणार असं अण्णांना वाटलं. पण ती उठून त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. सासऱ्याच्या खांद्यावर सुनेनं हात ठेवायची या घरात आजवर वेळ आली नव्हती. अण्णांनी तो हात थोपटला.

"चला, मग ठरलं," ते म्हणाले. "डोळेच ठेवा. नव्या बाईंना सोपं पडेल. मॅडम म्हणाल्या ना, वर्ग भरेपर्यंत बाकीचे बंद? मग टाचही बंद. तोवर मी हिला काही विचारणार नाही. चालेल ना गं, गुंडे? आजोबानं गप्प राहिलेलं?"

टाच पडली नाही. अण्णा थांबले. खोलीत कुणी "हो" म्हणालं नाही, म्हणजे डोळेही गेले नव्हते.

आणि मग त्यांना दिसलं.

मधल्या धुराच्या कडेनं, त्या चौकटीत, काहीतरी फिरलं. जिथे गाल असायचा तिथे वेणी आली. गोल गेला आणि कान आला. चौकटच वळली, पार भिंतीकडे.

"नाही म्हणाली," अण्णा म्हणाले.

"मान वळवलीय तिनं," धाकटा म्हणाला. "कंटाळली असेल."

"कंटाळली की मान पुढे पडते तिची," फिजिओ हळूच म्हणाला. "ही उचलून वळवलीय. अजून धरून ठेवलीय."

मॅडमनी विचारलं, "घरात ती 'नाही' कसं म्हणते?"



"गप्प बसली की आम्ही समजतो, नाही," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे कळलं नाही तरी नाही, झोप आली तरी नाही, रुसली तरी नाही?"

"हो." सूनबाई थांबली. "आम्ही सगळे होच्याच मागे होतो हो. तिनं एकदा तरी हो म्हणावं, एवढंच. नाही म्हणायला शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"आमच्याही," मॅडम म्हणाल्या.

"गुंडे," अण्णा पुढे झुकून म्हणाले, "म्हणजे मी गप्प राहायचं नाही?"

वेणी गेली, गोल परत आला. आणि पाटावर टाच पडली.

"आज्ञा आहे," अण्णा म्हणाले. "मॅडम, आता तुमचा नियम आणि माझी नात, तुम्ही दोघी बघून घ्या."

"आजोबांना टाच," मॅडम हसून म्हणाल्या. "तो अपवाद आपण सगळ्यांनी मिळून ठरवला."

थोरलीला राहवेना. "गुंडे, माझ्याकडे बघ. आत्यानं संध्याकाळी गाणं म्हणायचं ना, रोजच्यासारखं?"

चौकट भिंतीकडे गेली. अगदी ठाम.

आधी धाकटा फुटला, मग फिजिओ, मग सगळेच. थोरली कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "अगं बया! इतकी वर्षं! इतकी वर्षं डोळे मिटून ऐकत होतीस ते सहन करत होतीस होय?" आणि बोलता बोलता तिनं गुंडीच्या गालाचा मुका घेतला, पुन्हा घेतला. "म्हण बाई, म्हण. सगळ्यांना म्हण. या घरात बायकांना नाही म्हणायला फार वेळ लागतो. तू लवकर शिकलीस."

हसणं ओसरलं तेव्हा मॅडम गुंडीच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसल्या होत्या.

"गुंडी, एक राहिलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे तुझ्या वर्गावरून इतके दिवस भांडतोय. तुला कुणी विचारलंच नाही. आजवर विचारण्यात अर्थही नव्हता, आम्हाला फक्त एकच उत्तर ऐकू येत होतं. आता दोन्ही येतात. शिकण्याच्या वर्गात यायचंय तुला? नको असेल तर भिंतीकडे बघ. कुणी रागावणार नाही."

 धाकट्याची खुर्ची करकरली आणि थांबली. एवढ्या खटपटीनंतर पोर भिंतीकडे वळली तर? वळू शकत होती. आता तिला येत होतं.

अण्णांनी कान टवकारले. टाच पडणार नव्हती. प्रश्न त्यांचा नव्हता, मॅडमचा होता. गुंडी भाषांची गल्लत करत नसे. त्यांनी चौकटीकडे पाहिलं. चौकट वळली नव्हती. पण वळली नाही म्हणजे हो, असं आता धरायचं नव्हतं. तेवढं तेही शिकले होते.

खांद्यावरचा हात घट्ट झाला. सूनबाई खाली वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "वर बघतेय, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. 

"अजून बघतेय," सूनबाई म्हणाली. "अजून. खालीच आणत नाहीये डोळे."